नळकाकांच्या गाडीचा आवाज

नळकाकांच्या कमरेच्या पट्ट्याला सतरा किल्ल्यांचा जुडगा लटकत असे. पाण्याच्या टाक्यांच्या, पंपाच्या खोल्यांच्या, मीटरच्या पेट्यांच्या किल्ल्या, शिवाय परगावी गेलेल्या तीन-चार कुटुंबांच्या घरांच्याही. लोक डोळे मिटून त्यांच्या हाती घर सोपवत. पण त्या सतरांत त्यांच्या स्वतःच्या घराची किल्ली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांची किल्ली, लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली तरी, त्यांनी कधी खिशात बाळगली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

कारण त्यांचं येणं काकूंना आधी कळे. पूर्वी सायकल होती तेव्हा मागच्या पेटीतल्या पान्यांच्या खडखडाटावरून, आणि पुढे गाडीवरून. गाडी म्हणजे काय, काडेपेटीला चाकं लावावीत तशी. तीन सिलिंडरांचं इंजिन, उडालेला रंग आणि टपावर पाइप बांधायला लोखंडी घोडी. तशा शंभर गाड्या त्या रस्त्याने जात. पण लाँड्रीच्या कोपऱ्यावर नळकाकांची गाडी वळली की काकू हातातलं काम टाकून उठत. काकांनी गाडी लावावी, अवजारांची पिशवी काढावी, पायऱ्या चढाव्यात, आणि शेवटच्या पायरीवर पाय पडायच्या आत दार उघडावं. दारात काकू, हातात पाण्याचा पेला. "दमलात?" एवढंच विचारत. नळाची कामं वेळ सांगून येत नाहीत. काका कधी चारला परतत, कधी आठला, पण दार कधी चुकलं नाही.

"नळराव, तुमच्या दाराला बेल कशाला बसवलीय हो? शोभेला?" तळमजल्यावरचे मास्तर विचारत. मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण भेटेल त्याचा गृहपाठ तपासायची सवय सुटली नव्हती.

"पाहुण्यांसाठी आहे, मास्तर. तुम्ही येता ना चहाला, तेव्हा वाजवत जा. म्हणजे आम्हाला चहा लपवायला वेळ मिळतो."

काकांचं स्वतःचं पोटही कानावरच होतं. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक भिंतीला लावायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. भिंतीच्या पोटात पाणी कुठे झिरपतंय ते काका बोट ठेवून सांगत. दुसरे नळवाले सगळी न्हाणी फोडून ठेवत, काका एकच फरशी उचलत. त्यामुळे मोठमोठ्या इमारतींची माणसं त्यांनाच बोलावत.

काकूंचे कान गेले ते एकदम नाही, हप्त्याहप्त्याने गेले. आधी चिमण्या गेल्या. मग किटलीची शिट्टी. मग दूर राहणाऱ्या लेकीचा फोनवरचा आवाज. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, त्यातून काकूंना नुसती कुई ऐकू येई. नसच वाळत चालली आहे, डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटी. यंत्र कपाटाच्या खणात गेलं. समोर बसून बोललं की काकूंना ओठांवरून कळे, त्यामुळे दोघांचं अडत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी दार उघडलं नाही.

शेवटच्या पायरीवर पाय टाकून काका उभेच राहिले. बेल दाबली. कडी वाजवली. मग मात्र त्यांच्या ध्यानात आलं की आत जायला आपल्याजवळ काहीच नाही. सतरा दारं उघडणारा माणूस स्वतःच्या दारासमोर पायरीवर बसून राहिला. पाऊण तासाने काकू कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"कधीचे बसलात?"

"आत्ताच तर आलो."

काकूंनी पिशवीला हात लावला. पान्यांना ऊन लागून ते तापलेले असत, ते पार गार पडले होते. काकूंनी ओठ घट्ट मिटले, पण उपयोग झाला नाही, डोळे भरून आले. "जगाचं काही ऐकू आलं नाही तरी चालेल हो," त्या म्हणाल्या, "पण तुमचं येणं..."

"अगं, त्यात काय एवढं! उद्या एक किल्ली करून घेतो."

"नको." काकूंनी त्यांचा दंडच धरला. "किल्ली नको. किल्ली केलीत म्हणजे मी बहिरी झाले."

नळकाकांनी तो विषय तिथेच ठेवला. पण रात्रभर, म्हणजे डोळा लागेपर्यंत, डॉक्टरांचं एकच वाक्य ते घोळवत राहिले. जाड आवाज शेवटी जातात. मग आवाज जाड करायचा. सरळ हिशेब होता.

त्या रविवारी इमारतीच्या मागच्या अंगणात गोणपाट अंथरून काका गाडीखाली शिरले. इंजिनाचा धूर एका नळीतून निघतो, मध्ये एका छोट्या डब्यातून जातो, शेवटी मोठ्या डब्यातून जातो आणि तिथे गप्प होऊन बाहेर पडतो, एवढं त्यांना समजलं. त्या मोठ्या डब्याला, म्हणजे सायलेन्सरला, त्यांनी ड्रिलने तीन भोकं पाडली. खर्च काय तो ड्रिलच्या पात्याचा. गाडी सुरू केली तर फाटक्या पिपाणीसारखा आवाज निघाला. मास्तर कानांवर हात ठेवून खिडकीत आले. काकू वर भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

भोकं लहान म्हणून आवाज बारीक. हे तर आपल्याला ठाऊकच असायला हवं होतं, असं काका स्वतःवरच चिडले. अर्ध्या इंची नळ गातो, चार इंची नळ घुमतो. पुढच्या रविवारी त्यांनी मोठा डबा करवतीने कापूनच टाकला आणि त्याच्या जागी दोन इंची पाण्याचा पाइप बसवला. बसवला तोही आपल्या रीतीने. आट्यांना सफेदा लावला, वर सुती धागा गुंडाळला आणि पाइप-पान्याने आवळला, थेंब गळायला नको म्हणून. गाडी तापली आणि सफेदा जळू लागला, धाग्याने पेट घेतला. पाइपावरचं जस्त तापून धुराचा लोट उठला. मास्तर बादली घेऊन धावत आले आणि काका बाहेर यायच्या आत त्यांच्या पायांवर ओतून मोकळे झाले.

"पेटली! गाडी पेटली!"

"गाडी नाही मास्तर, मी भिजलो!"

रस्त्यापलीकडे गाड्यांचे सांधे जोडणारा एक वेल्डर होता, काकांचा लहानपणापासूनचा मित्र. तो हसून हसून भिंतीला टेकला. "अरे गड्या, धूर आहे तो, पाणी नव्हे! धुराला सफेदा लावणारा तू जगातला पहिलाच. आणि जस्ताचा पाइप? ते जस्त तापून छातीत गेलं तर तुलाच सायलेन्सर लागेल."

"मग सांग ना काय करू ते."

"करायचंय काय तुला? म्हातारपणी पोरांसारखी गाडी घुमवायचीय?"

काकांनी खालमानेने काय ते सांगितलं. वेल्डरचं हसणं थांबलं. त्याने भंगारातून साधा लोखंडी पाइप काढला, आवळायला दोन पट्ट्या दिल्या, सांध्यांवर लिंपायची उष्णता सोसणारी पुट्टी दिली आणि बजावलं, "मधला डबा काढू नकोस. तो काढलास तर गाडीचा दम जाईल, आणि आत बसणाऱ्याच्या डोक्याचंही काही खरं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आवाज नुसता मोठा नको ना? खोल हवा. मग त्याला पोट लागेल." आग विझवायच्या यंत्राचं एक रिकामं, लाल रंगाचं नळकांडं त्याच्या दुकानात पडलेलं होतं. दोन्ही टोकं कापून त्याने ते पाइपाच्या मध्ये जोडून दिलं.

त्या संध्याकाळी लाँड्रीच्या कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा टांगलेले शर्ट हलले म्हणतात. आवाज मोठा नव्हता फार, पण जमिनीतून यावा तसा होता. काका पायऱ्या चढू लागले. विसाव्या पायरीवर होते आणि दार उघडलं.

काकू दारात उभ्या. हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "अहो, काय रणगाडा आणलात का?"

"सायलेन्सर सडलाय. बघतो करून कधीतरी."

"काही घाई नाही," काकू म्हणाल्या.

कशासाठी केलं ते काकांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. गल्लीने मात्र काकांचं नाव बदलून 'तोफखाना' करून टाकलं. मास्तर घड्याळ बघून म्हणत, "तोफ झाली, साडेसहा वाजले." मांजरं पळत. लाँड्रीवाला म्हणे, तुमच्यामुळे माझे शर्ट झटकावे लागत नाहीत. काका सगळ्यांची माफी मागत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घुमवत येत. त्या सात-आठ महिन्यांत ते जितके हसले तितके आधीच्या दहा वर्षांत हसले नसतील.

मग एका गुरुवारी पुन्हा दार उघडलं नाही. फार वेळ नाही, पाचच मिनिटं. काकूंनी उघडलं तेव्हा त्यांच्या गालावर उशीच्या वळ्या उमटल्या होत्या. "डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. काका "बरं" म्हणाले. पण रविवारी ते पुन्हा गाडीखाली शिरले आणि वेल्डरचं न ऐकता मधला डबाही काढून टाकला. वर मागच्या खिडकीतून काकू बघत होत्या. आधी काकांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, मग काढलेला डबा, आणि मग बाहेर येऊन काकांनी भाजलेलं बोट तोंडात धरलं ते. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

त्या दिवसानंतर दार एकदाही चुकलं नाही. "बघ, मी म्हणत नव्हतो!" काका वेल्डरला सांगत. "उपाय सापडायला हवा, बस."

उपायाची किंमत गाडीने मोजलीच. चढावर ती धापा टाकू लागली, तेल जास्त पिऊ लागली. गाडी चालवून उतरलं की काकांच्या कानात तास-दीड तास घुमतच राही. पुढे पुढे ते थांबेना. एका कचेरीत छताला ओल आली म्हणून त्यांना बोलावलं. काकांनी सळई भिंतीला लावली, कानामागे टेकवली. आत नुसतं घुम्म. दुसऱ्या भिंतीला लावली, तिथेही तेच. त्यांनी अंदाजाने फरशी उचलायला लावली, मग दुसरी, मग तिसरी. सातव्या फरशीपाशी कचेरीचा व्यवस्थापक म्हणाला, "राहू द्या काका. आम्ही दुसऱ्याला बघतो." काकांनी उचललेल्या फरशा विनामोबदला परत बसवून दिल्या. घरी काही बोलले नाहीत. सळई पिशवीत तळाशी गेली.

काकूंचे पाय सुजू लागले ते साधारण त्याच सुमारास. संध्याकाळी पावलं अशी फुगत की चपलेचा पट्टा मांसात रुते. डॉक्टरांनी विचारलं, "फार वेळ उभ्या असता का?"

"छे हो. घरात दोघं माणसं. उभं राहायला काम कुठे आहे?"

"उभं राहू नका. पाय वर घेऊन बसत जा."

काकांनी वेताची विणलेली एक खुर्ची आणली आणि पायांखाली घ्यायला मोडा, तसलंच बुटकं स्टूल. "आता राणीसारखी बसायचं," ते म्हणाले. काकू बसल्या, सकाळभर बसत. संध्याकाळचं काकांना काय ठाऊक? संध्याकाळी ते घरी येत तेव्हा काकू दारात असत, आणि दारात तर माणूस उभंच असतं.

दर काही वर्षांनी गाड्यांची सरकारी तपासणी असे, ती आली. तपासणीच्या आवारात काकांनी गाडी आत घेतली तेव्हा चार माणसं हातातली कामं सोडून बघू लागली. तपासनीस वयाने लहान पण बोलायला नरम होता. त्याने आवाज मोजायचं यंत्र गाडीमागे धरलं, बघितलं, आणि आपलं काही चुकलं असेल म्हणून पुन्हा धरलं.

"काका, ही गाडी आहे की गिरणी?"

"गाडीच आहे. आतून लहान आहे."

"आणि हे लाल काय? आग विझवायचं यंत्र उलटं लावलंय होय?" मग त्याने कागदावर शिक्का मारला. "सात दिवसांत मूळचा सायलेन्सर लावून आणा. नाही तर गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही. माझ्या हातात असतं तरी पास केली नसती. तुमच्या कानांची तरी दया करा."

वेल्डरने त्या मंगळवारी दुपारी दुसऱ्या गाडीचा चांगला सायलेन्सर, मधल्या डब्यासकट, जोडून दिला. कामाला अर्धा तास लागला. लाल नळकांडं त्याने पोत्यात बांधून मागच्या सीटवर ठेवलं. "वहिनींना काय सांगशील?"

"बघतो."

काका निघाले. इंजिन चालू आहे की नाही, हे त्यांना दोनदा पायाने ॲक्सिलरेटर दाबून बघावं लागलं, इतका कमी आवाज होता, आणि इतके त्यांचे कान गेले होते. वाटेत त्यांनी सगळं ठरवलं. लाँड्रीचा कोपरा गुपचूप जाईल. दार बंद असेल. आपण पायरीवर बसायचं, कितीही वेळ लागो. काकू बाहेर आल्या की हसून म्हणायचं, सरकारने आपली तोफ जप्त केली गं. मग दोघं मिळून दुसरा काही उपाय काढू. दिवा लावू दाराला, बटण दाबलं की आत पेटणारा. हे आधीच सुचायला हवं होतं. दिव्याच्या कल्पनेने त्यांना जरा हुशारीही आली.

गाडी वळली. शर्ट हलले नाहीत. काकांनी गाडी लावली, पिशवी घेतली, पायऱ्या चढले. विसाव्या पायरीवर होते आणि दार उघडलं.

दारात काकू. हातात पाण्याचा पेला.

"दमलात?" त्या म्हणाल्या. आणि मग, कौतुकाने मान हलवत, "काय घुमतेय हो गाडी आज! अगदी कोपऱ्यापासून ऐकू आली."

काकांनी पेला घेतला. पाणी प्यायले, सगळं प्यायले, कारण पेला तोंडाशी आहे तोवर बोलावं लागत नाही. मग म्हणाले, "हो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांचं मशीन रस्त्याकडच्या खिडकीशी होतं आणि तिथून काकांची खिडकी तिरपी दिसे. काकांनी विचारलं, "मुली, एक सांग. संध्याकाळी काकू काय करते?"

बाईंनी हातातला दोरा गुंडाळला, पुन्हा सोडला. "तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं माहीत असेल."

"काय?"

"चारच्या आधीपासून खिडकीत उभ्या असतात. तुमची गाडी वळली की दाराकडे जातात. खुर्ची ओढून घ्या म्हटलं मी, तर म्हणाल्या, खुर्चीवर बसलं की कोपरा दिसत नाही, खिडकीची कड आड येते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल की. तो मधला डबा काढलात ना तुम्ही, तेव्हापासून." बाईंचा आवाज खाली आला, आणि काकांना त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. "मी एकदा म्हटलं, काकू, सांगून टाका ना काकांना. तर म्हणाल्या, त्यांनी माझ्यासाठी गाडी फाडली, हात भाजून घेतले. आता मला तेही ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

काका पायरीवर बसले. चारपासून आठपर्यंत. कधी कधी तर नऊ. कामं नसली तरी ते वेल्डरकडे गप्पा मारत बसत, तोफ कशी चालते ते सांगत.

त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. बाजारात किल्ल्या करणारा एक जण ओळखीचा होता, त्याच्याकडे गेले. सकाळी निघताना दाराच्या खिळ्यावरची काकूंची किल्ली त्यांनी न विचारता घेतली होती. किल्लीवाला म्हणाला, "अठरावी? आणि ही कोणाच्या घराची?" काका म्हणाले, "ओळखीच्यांच्या."

संध्याकाळी त्यांनी गाडी मागच्या गल्लीत लावली, खिडकीतून दिसू नये म्हणून. काकूंनी आज बसावं, एवढाच हेतू होता. वर जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. आत काकू खिडकीत होत्या, पाठमोऱ्या. एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासत होत्या, मग पाय बदलून दुसरा. पाण्याचा पेला भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. काका किती वेळ उभे होते कोण जाणे. मग काकू वळल्या आणि किंचाळल्या.

"मीच आहे गं, मीच."

काकूंनी छातीवर हात ठेवला. आधी त्यांनी काकांकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, मग किल्लीकडे. ती अजून कुलपात लटकत होती आणि बाकीच्या सतरा तिच्याखाली हलत होत्या.

"किल्ली केलीत?"

"तुझे पाय बघ कसे झालेत. डॉक्टर म्हणाले ना..."

"मी उघडत होते ना दार?"

"उघडत होतीस."

"एकदा तरी चुकले?"

"नाही."

कट्ट्यावरचा पेला उचलून काकूंनी काकांच्या हातात दिला आणि "बरं केलंत" म्हणाल्या.

गाडी मुकी झाल्याचं काकांनी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. कोपऱ्यापासून ऐकू आली, हे वाक्य आपण ऐकलंच नाही असं समजून ते जगायला तयार होते. पण सांगायचं काम मास्तरांनी केलं. शनिवारी काकू खाली कपडे आणायला गेल्या, तेव्हा मास्तर मोठ्या आनंदाने कागद-पेन्सिल घेऊन पुढे आले. काकूंशी बोलायचं तर ते वळणदार अक्षरात लिहून दाखवत. त्यांनी लिहिलं: 'अभिनंदन! तोफ थंडावली. आता सुखाने झोपतो.'

काकूंनी वाचलं आणि विचारलं, "कधीपासून?"

मास्तरांनी खाली लिहिलं: 'मंगळवार.' आणि शिक्षकच ते, म्हणून दोन रेघाही मारल्या.

काकू कागद हातात घेऊन वर आल्या. तो त्यांनी काकांना दाखवला नाही. घडी करून, कपाटाच्या खणात, कानाच्या यंत्राशेजारी ठेवला. तिथे तो काकांना पुढे सापडला. त्या दिवशी त्यांना एवढंच दिसलं की काकूंनी वेताची खुर्ची खिडकीपासून ओढत ओढत आतल्या खोलीत नेली. मदतीला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू द्या. हलकी आहे."

तेव्हापासून काकू तिथे बसतात. पाय मोड्यावर, तोंड भिंतीकडे, मांडीवर ताट, ताटात निवडायची भाजी. सूज उतरली आहे. डॉक्टर खूश आहेत.

मधे एकदा काकांनी किल्ली मुद्दाम गाडीतच ठेवली. लाल नळकांडं पोत्यातून काढून परत बसवावं, सरकार काय करायचं ते करो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, पण आता त्याचा कोणाला उपयोग नव्हता. ते पायऱ्या चढून वर गेले आणि शेवटच्या पायरीवर उभे राहिले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. दार उघडलं नाही. उघडणार कसं? त्यांनीच तर बस म्हणून सांगितलं होतं. ते खाली गेले, किल्ली घेऊन आले.

किल्लीने आत यायचं तर एक मोठी अडचण होती. काका मागून आले की काकू दचकत. रोज दचकत. हातातलं ताट उलटे, चेहरा पांढरा होई, आणि मग काकांना ओळखून त्या हसायचा प्रयत्न करत. ते हसू बघण्यापेक्षा पाठमोरं बघणं बरं, असं काकांना वाटे. अठ्ठावीस वर्षं ज्या येण्याची कोणी वाट पाहिली, त्या येण्याने आता कोणी घाबरू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून एके दिवशी त्यांनी पिशवीच्या तळातून सळई काढली. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी वाकून बसले आणि तिच्या टोकाने फरशीवर ठोकलं. एक, दोन, तीन. लोखंडाचा ठोका फरशीतून जातो, खुर्चीच्या पायांतून चढतो, आणि जे कानाला कळत नाही ते हाडाला कळतं. सळईने आयुष्यभर त्यांना हेच शिकवलं होतं. त्यांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात.

काकूंनी एक शेंग सोलली. दाणे ताटात टाकले. मग, मान न वळवता, म्हणाल्या, "आलात?"

काका सळई हातात धरून तसेच बसून राहिले. ठोका खरंच कळला, की घड्याळात सहा वाजले म्हणून काकूंनी अंदाजाने म्हटलं, की उगीच, जसं दर दहा मिनिटांनी म्हणून बघत असतील तसं? विचारलं असतं तर काकू "कळलं ना" म्हणाल्या असत्या. म्हणून त्यांनी विचारलं नाही. ते उठले आणि काकूंना दिसेल असे, लांबून वळसा घेऊन, समोर जाऊन उभे राहिले.